पाचवी चिमणी वरून: बायबलात आपलं रोजचं जगणं कुठे सापडतं

आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवं वर्ष आलं, बोर्डाचा रिझल्ट लागायचा असला किंवा कोणी नवीन दुकान टाकलं की एक वचन हमखास येतं, यिर्मया २९:११ (म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९वा अध्याय, ११वं वचन). देव म्हणतो की तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, ते तुमच्या भल्याचं आहे, तुम्हाला पुढचे दिवस आणि आशा देणारं आहे. मागे सूर्योदयाचा फोटो, कोपऱ्यात गुलाब. वचन सुंदरच आहे, त्यात वाद नाही, पण ते एकटं वाचलं की असं वाटतं की बस, आता सगळं लवकर ठीक होणार, आणि नेमकी हीच गोष्ट तिथे लिहिलेली नाहीये.

ते एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं आणि राजा, दरबारी, कारागीर, लोहार, कामाची म्हणून जेवढी माणसं होती ती उचलून बाबेलला नेली. आता या लोकांच्या डोक्यात एकच, परत कधी जायचं. हनन्या नावाचा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आणि असं सांगणारा माणूस सगळ्यांना आवडतोच. यिर्मयाने यरुशलेमहून पत्र धाडलं आणि त्यात आकडा टाकला सत्तर वर्षांचा. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यातले बहुतेक जण तिथेच म्हातारे होणार आणि तिथेच जाणार. मग तोपर्यंत करायचं काय, तर (हे ५ ते ७ वचनांत आहे, फॉरवर्डमध्ये हे कधी येत नाही) घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, पोराबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल.

इंदूरच्या मराठी माणसाला हे पत्र पटकन कळायला हवं. होळकरांबरोबर आलेले, नंतर नोकरीपाण्यासाठी आलेले, कोणी मिशनच्या शाळा-दवाखान्यांत कामाला आलेले, सगळ्यांच्या घरी एक 'मूळ गाव' असतं जिथे आता आपल्याला कोणी ओळखत नाही आणि तरी लग्नाच्या बायोडेटात ते लिहावं लागतं. आपल्याला कोणी बेड्या घालून आणलं नव्हतं, त्यामुळे फार ताणत नाही, पण ज्या शहरात आहोत तिथल्या गटारी, झाडं, शाळा यांचा विचार करणं हासुद्धा भक्तीचा भाग आहे हे यिर्मया अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून गेला. आणि ११वं वचन या सगळ्याच्या नंतर येतं. आधी घर बांधा, बाग लावा, मग आशा.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे. लोक विचारतात की रोजच्या जगण्यात आध्यात्मिक अर्थ कसा शोधायचा, म्हणजे रोजचं जगणं एकीकडे, अर्थ दुसरीकडे, आणि बायबलातलं एखादं वचन घेऊन दोन्ही चिकटवायचे. पण बायबल उघडून बघा, त्यात भाकरी, मजुरी, कर्ज, विहीर, झोप, सासू-सून, जाळं फाटणं, पीठ भिजवणं याच गोष्टी पानोपानी आहेत. अर्थ वरून आणायचा नसतो, आहे ती गोष्ट नीट बघितली की तिथेच देव काहीतरी मागत किंवा देत असतो. वचनांना जे नंबर आहेत ना, ते मूळ लिहिणाऱ्यांनी दिलेले नाहीत, ती छपाईच्या काळातली सोय आहे, नव्या कराराला (बायबलाचा येशूपासून पुढचा भाग) आजचे नंबर रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छापखानेवाल्याने १५५१ मध्ये दिले. सोय चांगलीच आहे, पण तिच्यामुळे आपल्याला एकेक वचन तोडून खायची सवय लागली.

आता चिमण्यांचं घ्या. मत्तय १०:२९ मध्ये येशू म्हणतो, दोन चिमण्या एका नाण्याला मिळतात. लूक १२:६ मध्ये भाव आहे पाच चिमण्या दोन नाण्यांना. हिशोब लावा, एका नाण्याला दोन तर दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात, मग पाचवी? पाचवी वरून. मंडीत मेथीच्या दोन जुड्या घेतल्या की ठेलेवाला न मागता थोडी कोथिंबीर पिशवीत टाकतो, तशी. ते नाणं म्हणजे रोमी दिनाराचा सोळावा हिस्सा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई, तर चिमणी हे गरिबातल्या गरिबाचं मांस होतं, आणि त्यातही पाचवीला किंमतच नाही, ती हिशोबातच धरलेली नाही. येशू नेमका याच हिशोबावर बोट ठेवून म्हणतो की यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. हे वाक्य ज्याने बाजारात उभं राहून भाव केलाय तोच बोलू शकतो. आणि तो राहिला होताच की, लूक सांगतो की त्याने काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, मार्क सांगतो की गावचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखायचे. बाळपण आणि बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला तो किस्सा सोडला तर त्या तीस वर्षांबद्दल चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूच्या आयुष्याची पुस्तकं) जवळपास गप्प आहेत. गप्प आहेत म्हणजे ती वर्षं फुकट गेली असं कोणी म्हणत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं सगळं आयुष्यच त्या तीस वर्षांच्या छापाचं असतं.

एस्तेरचं पुस्तक तर याहून मजेदार, हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. राजवाडा, मेजवान्या, कारस्थान, राजाला रात्री झोप न येणं, सगळं आहे, देव कुठे बोलत नाही, आणि तरी ते पुस्तक पवित्र शास्त्रात आहे. ज्यांना प्रार्थनेत कधीच काही 'ऐकू' येत नाही त्यांनी ते जरूर वाचावं.

पैशांकडे येते, कारण मला वाटतं लोक अध्यात्म शोधताना हा भाग हळूच ओलांडून जातात. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो सकाळी सकाळी चौकात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाचा एक दिनार. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस संपायला एक तास उरलेला असताना पाचला पुन्हा जातो तर अजून काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आपल्याकडे सकाळी मजूर जिथे उभे राहतात त्या चौकात अकरा-बाराला जाऊन बघा, जे उरलेले असतात ते कोण असतात, वय झालेले, हडकुळे, ज्यांच्याकडे स्वतःचं फावडं नाही असे. संध्याकाळी मालक सगळ्यांना एकेक दिनार देतो आणि सकाळपासून राबलेले चिडतात, साहजिक आहे, मीही चिडले असते. प्रवचनात याचा अर्थ देवाची कृपा असा सांगतात आणि तो बरोबरच आहे, पण कृपेच्या आधी त्यात एक साधी गोष्ट आहे की एका दिनारात एका घराची त्या दिवसाची चूल पेटते, आणि पाचला आलेल्याच्या घरीही चूल एकच असते.

हे काही येशूने हवेतून काढलेलं नाही. अनुवाद २४:१५ मध्ये नियम आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांवर लागलेला असतो. लेवीय १९:१३ म्हणतं ती रात्रभर तुमच्याकडे ठेवू नका. आणि याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत जातं. इंदूरची हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि हजारो कामगारांची थकलेली देणी, सुमारे २२४ कोटी रुपये, निकाली निघायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला, तोवर कित्येक कामगार गेलेसुद्धा. सूर्य मावळायच्या आत. मी हे वचन वाचते तेव्हा मला ध्यान-बिन काही सुचत नाही, भांडेवाल्या मावशींचे पैसे एक तारखेला दिले का ते आठवतं.

याच्याच जोडीला एक तक्रार. कलस्सैकरांस ३:२३, जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, हे वचन फ्रेम करून ऑफिसात लावलेलं मी पाहिलंय, साहेबाच्या खुर्चीच्या मागे. वचन चांगलं आहे, फायली लावताना मलाही त्याचा आधार वाटतो. पण ते लिहिलंय गुलामांना, ज्यांना काम सोडायची सोयच नव्हती, आणि जेमतेम तीन वचनं पुढे (४:१) मालकांना सांगितलंय की नोकरांशी न्यायाने आणि समानतेने वागा, तुमच्याही वर एक मालक आहे. फ्रेम करायची तर दोन्ही करा ना भिया, आणि दुसरी साहेबाच्या समोरच्या भिंतीवर लावा.

आता स्वयंपाकघर. लूक १० मधली मार्था-मरीयेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर थोडक्यात अशी की येशू त्यांच्या घरी येतो, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते, मार्था एकटी राबते आणि शेवटी वैतागून येशूलाच म्हणते, तुम्हाला काही वाटत नाही का, हिला सांगा मला मदत करायला. तो म्हणतो, मार्था, मार्था, तू किती गोष्टींची काळजी करतेस, गरज एकाच गोष्टीची आहे, मरीयेने चांगला वाटा निवडलाय. आमच्या महिला मंडळात ही गोष्ट निघाली की दोन तट पडतात. एक तट मान डोलावतो, दुसरा म्हणतो की बरं, मग त्या दिवशी जेवण कोणी केलं? मी दुसऱ्या तटात. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या, पाहुण्यांनी आधी फोन करून यायला काय होतं.

पण गोष्ट तिथे थांबत नाही, आणि हे मला फार उशिरा कोणीतरी दाखवलं. योहान ११ मध्ये हीच मार्था पुन्हा येते, तिचा भाऊ लाजर मेलाय, घरात माणसं भरलीत, मरीया घरात बसून आहे आणि मार्था उठून रस्त्यात येशूला गाठते, आधी सरळ सुनावते की तुम्ही इथे असतात तर माझा भाऊ मेला नसता, आणि मग त्याच बोलण्यात म्हणते की तुम्ही ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात असा माझा विश्वास आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या ज्या कबुलीचं एवढं कौतुक होतं जवळजवळ तेच शब्द. आणि पुढच्याच अध्यायात, योहान १२:२, मेजवानी आहे, लाजर जिवंत होऊन पंगतीला बसलाय, आणि मार्था काय करतेय तर वाढतेय! यावेळी कोणी तिला काही म्हणत नाही, तीही कोणाला काही म्हणत नाही. काम तेच, बाई तीच. लूकमध्येसुद्धा येशू स्वयंपाकाला हलकं म्हणालेला नाही, तो तिच्या तगमगीबद्दल बोलला, आणि तगमग गेली तरी वाढणं राहिलंच.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधू होता, सैन्यातून आलेला, पायाने अधू. त्याला मठाच्या स्वयंपाकघरात टाकलं, आणि स्वयंपाक त्याला मुळात आवडायचा नाही हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय, ते मला फार बरं वाटतं. तरी त्याच भांड्यांच्या खणखणाटात, चार माणसं चार गोष्टी मागत असताना, त्याला देव तेवढाच जवळ वाटायचा जेवढा चॅपलमध्ये गुडघे टेकून. त्याची युक्ती काही मोठी नव्हती, हातातलं काम करता करता तो मधूनमधून देवाशी साधं बोलायचा, विसरला तर स्वतःला कोसत बसायचा नाही, पुन्हा बोलायला लागायचा. पुढे तो चपला दुरुस्त करायच्या कामावर गेला तिथेही तेच. १६९१ मध्ये वारला.

पिठाचाही एक दाखला आहे, मत्तय १३:३३, एका बाईने खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवलं. लहानशी गोष्ट वाटते, पण ती तीन मापं म्हणजे ३६ ते ४० लिटर पीठ, शंभरेक माणसांना पुरेल एवढं! हे एका माणसाचं कणीक भिजवणं नाही, लग्नाघरचं काम आहे. देवाचं राज्य कसं असतं हे सांगायला येशूने बाह्या वर केलेली, कोपरापर्यंत पिठात हात घातलेली बाई निवडली.

झोपेबद्दल थोडंसं, कारण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री एकला भुट्टे का कीस खाणाऱ्या शहराला याची गरज आहे. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा, आदल्याच अध्यायात केवढा पराक्रम केलेला, राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. यावर देव काय करतो? उपदेश नाही, 'विश्वास कमी पडला' नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून म्हणतो, ऊठ, खा, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं मडकं. तो खातो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत पुन्हा खायला उठवतो. मग चालणं, मग होरेब डोंगर, आणि बोलणं त्यानंतर. कोणी निराश होऊन आलं की आपण पहिल्या मिनिटाला वचन काढून वाचायला लागतो, त्याने जेवलंय का ते विचारत नाही.

बरं, वाचायचं कसं. जुन्या मठांमध्ये एक पद्धत होती, बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या, साध्या भाषेत सांगायचं तर एक छोटा उतारा हळू वाचा, जिथे मन अडकेल तिथे थांबून त्यावर विचार करा, जे वाटलं ते देवाला सांगा, आणि मग थोडा वेळ काही न बोलता बसा. घरात हे जमायला मठ लागत नाही पण मोबाइल दुसऱ्या खोलीत लागतो. माझी वेळ सकाळी कचरागाडीचं गाणं वाजायच्या आधीची, एकदा ते वाजलं की ओला-सुका करत धावावं लागतं. उतारा मात्र पूर्ण घ्या, गोष्ट सुरू होते तिथून संपते तिथपर्यंत, मधलं एक वाक्य उचलू नका.

दुसरी पद्धत रात्रीची, इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संताची. दिवस पुन्हा डोळ्यांसमोरून न्यायचा, आधी कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात ते, मग कुठे आपण वाकडे वागलो ते, आणि उद्यासाठी मदत मागून संपवायचं. पाण्याच्या मोटरवरून वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी वाजलं, कोणी न विचारता गॅस सिलिंडर आत आणून ठेवला, मुलाचं बोलणं अर्ध्यात तोडलं, असलं सगळं त्यात येतं. सकाळी वाचलेला उतारा आणि रात्री आठवलेला दिवस आपोआप जुळले तर छान, नाही जुळले तर ओढूनताणून जुळवू नका. आमच्याकडे लोक रोज काहीतरी 'मेसेज' मिळालाच पाहिजे म्हणून हट्टाला पेटतात, सिग्नल हिरवा मिळाला तर देवाची कृपा, लाल मिळाला तर देव काहीतरी शिकवतोय. रीगल चौराह्याला संध्याकाळी सिग्नल लालच मिळतो हो, त्यात शास्त्र नाही.

आणि हा हट्ट दुःखाच्या बाबतीत तर फारच वाईट. लूक १३ मध्ये येशू शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या १८ जणांचा विषय काढतो, आणि विचारतो, ते यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही, असं तोच सांगतो, आणि तुम्ही आपापलं बघा असं म्हणतो. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तर उत्तर येतं, दोघांचंही नाही. ईयोब नावाच्या भल्या माणसाची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं जातं, त्याचे मित्र त्याचे हाल बघून सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं तेवढंच धड काम. त्यानंतर तोंड उघडलं आणि अध्यायच्या अध्याय त्याला 'अर्थ' सांगितला, आणि शेवटी (४२:७) देव त्यांच्यावरच चिडतो की तुम्ही माझ्याबद्दल बरोबर बोलला नाहीत. म्हणून कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचं मूल आजारी आहे, तिथे जाऊन यामागे देवाची काय योजना आहे ते सांगू नये. विशेषतः यिर्मया २९:११ पाठवू नये.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर पहिल्या पानापासून सलग वाचायला घेऊ नका, लोक उत्पत्ती झोकात वाचतात, निर्गम अर्धं, आणि लेवीयात यज्ञांचे नियम आले की पुस्तक कपाटात जातं. रूथ घ्या, चारच अध्याय, परमुलखात आलेली विधवा सून आणि सासू, आणि कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचून चालणारं घर. मग मार्क, सोळा अध्याय, सगळ्यात छोटं शुभवर्तमान. मग लूक, त्यात जेवणावळी फार आहेत. भाषेचं म्हणाल तर बायबल सोसायटीचं मराठी बायबल मिळतं, मोबाइलवर फुकटही आहे, आणि इंदूरच्या आपल्या पोरांना मराठी वाचायला अवघड जात असेल तर हिंदीत वाचू दे, त्यावरून घरात भांडण नको.